‘एक्लेक्टिक’ : वेचणे, मिसळणे आणि समन्वय

अलीकडच्या मराठी प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात एक परिच्छेद हटकून आढळतो. प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक, वर्णनात्मक, तुलनात्मक, समाजशास्त्रीय, मानसशास्त्रीय आणि आवश्यक तेथे शैलीवैज्ञानिक अशा सर्व पद्धतींचा समन्वयाने अवलंब केला आहे, असा त्याचा आशय असतो. मौखिक परीक्षेत याविषयी विचारणा केल्यास उमेदवार किंवा क्वचित मार्गदर्शकच ‘आमची पद्धती एक्लेक्टिक आहे’ असे उत्तर देतात. उत्तर ऐकावयास भारदस्त असल्याने प्रश्न तेथेच संपतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी.साठी पूर्वाभ्यासक्रम सक्तीचा केला, त्यात संशोधनपद्धतीला स्थान मिळाले. तरी या परिच्छेदाचे स्वरूप फारसे बदललेले नाही. यादीतील पद्धतींची संख्या मात्र वाढली आहे.

‘एक्लेक्टिक’ हा शब्द तत्त्वज्ञान, पाठचिकित्सा, वास्तुकला, वैद्यक, मानसोपचार, भाषाशिक्षण, धर्मविचार अशा अनेक क्षेत्रांत वावरतो. एका क्षेत्रात तो गौरवाचा आहे, दुसऱ्यात निंदेचा, तर तिसऱ्यात केवळ एका शैलीचे नाव आहे. प्रत्येक क्षेत्रात त्याच्यामागे काही जबाबदारी उभी असते. आपण मराठी साहित्याच्या अभ्यासात तो आणला तो प्रतिष्ठेसह. जबाबदारी मात्र मूळ ठिकाणीच राहून गेली. शिवाय त्याचे मराठीकरण करताना ‘समन्वय’ या शब्दाची निवड झाली आणि घोटाळा अधिकच वाढला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शब्दाचे मूळ ग्रीक आहे. ज्या क्रियापदापासून तो आला त्याचा अर्थ ‘निवडून बाहेर काढणे’, ‘वेचणे’ असा होतो. अलेक्झांड्रियाच्या पोतामोन नावाच्या विचारवंताने या नावाचा संप्रदाय स्थापन केल्याची नोंद डायोजिनिस लाएर्टियस याने करून ठेवली आहे. सिसेरोसारख्या रोमन लेखकालाही पुढे याच मालिकेत बसविण्यात आले. अठराव्या शतकात दिदरोने आपल्या विश्वकोशात या संज्ञेवर मोठी नोंद लिहिली. त्याच्या दृष्टीने एक्लेक्टिक म्हणजे परंपरा, पूर्वग्रह आणि अधिकारवाणी बाजूस सारून, स्वतःच्या बुद्धीला जे पटेल तेच स्वीकारणारा मनुष्य. त्याच फ्रान्समध्ये पुढे व्हिक्टर कूझँ याने हेच नाव आपल्या तत्त्वज्ञानाला दिले आणि १८३० नंतरच्या राजवटीत ते जवळजवळ सरकारमान्य विद्यापीठीय तत्त्वज्ञान होऊन बसले. दिदरोच्या हाती जो शब्द बंडखोराचा होता तो कूझँच्या हाती मध्यममार्गी अधिकाऱ्याचा झाला. मार्क्सवादी परंपरेत तर तो उघड शिवी आहे. १९२१ साली कामगार संघटनांच्या प्रश्नावरील वादात लेनिनने बुखारीनवर याच शब्दाने हल्ला चढविला. पाण्याच्या पेल्याचा दाखला घेऊन, ‘हेही खरे आणि तेही खरे’ अशी बेरीज म्हणजे द्वंद्वात्मक विचार नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. एकच शब्द स्वतंत्र बुद्धीची खूण ठरतो आणि बुद्धीच्या आळसाचीही. हा विरोध शब्दात नाही. निवड कोणत्या कसोटीवर झाली, हे सांगितले जाते की नाही, यात तो आहे.

कसोटीचा मुद्दा सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो पाठचिकित्सेत. आणि त्याची उदाहरणे शोधण्यासाठी आपणांस महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. महाभारताचा प्रसिद्ध टीकाकार नीलकंठ चतुर्धर हा गोदाकाठच्या कोपरगावच्या घराण्यातला. सतराव्या शतकात काशीत बसून त्याने निरनिराळ्या प्रांतांतून पोथ्या मिळविल्या, त्यांतील उत्तम वाटले ते पाठ निवडले आणि त्यावर आपली टीका रचली. नीलकंठही वेचणाराच. परंतु त्याच्या वेचण्यामागचे तत्त्व गुणोपसंहाराचे होते. ज्या ज्या पोथीत जे जे चांगले असेल ते ते एकत्र आणावे, काही उत्तम म्हणून हातचे जाऊ नये. त्यामुळे त्याच्या संहितेत भर पडत गेली.

विष्णु सीताराम सुखटणकरांपुढे हाच प्रश्न विसाव्या शतकात आला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून सुखटणकर प्रमुख संपादक झाले, १९३३ साली आदिपर्व त्यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह पूर्ण झाले आणि त्यांच्या निधनानंतर, १९६६ साली, संपूर्ण महाभारताची संहिता सिद्ध झाली. युरोपीय अभिजात ग्रंथांना लावलेली वंशवृक्षाची पद्धती येथे जशीच्या तशी चालणार नाही, हे सुखटणकरांनी ओळखले होते. कारण महाभारताच्या पोथ्यांनी शतकानुशतके परस्परांकडून उसनवारी केलेली होती. म्हणून त्यांनी आपल्या पद्धतीचे वर्णन करताना ‘एक्लेक्टिक’ हाच शब्द योजला, पण त्याला सावधगिरीची जोड दिली. सर्व लिप्यांतील पोथ्यांचा उपयोग करावयाचा. तथापि निवड करावयाची ती स्वतःच्या रुचीने नव्हे. काश्मीरची शारदा परंपरा आणि दक्षिणेतील मल्याळम परंपरा यांच्यासारख्या, परस्परसंपर्काचा संभव कमी असलेल्या परंपरा जेथे एकमुखाने बोलतात तेथे तो पाठ ग्राह्य मानावयाचा. जेथे त्यांचे एकमत नाही तेथे कोणता पक्ष का घेतला, हे प्रत्येक ठिकाणी सांगावयाचे.

सुखटणकरांच्या आवृत्तीचे पान उघडून पाहावे. वर संहिता आहे आणि तिच्याखाली, पुष्कळदा तिच्याहून अधिक जागा व्यापून, गाळलेले सर्व पाठ आहेत. वगळलेल्या ओळी ताऱ्याच्या खुणेने खाली छापल्या आहेत, मोठे वगळलेले भाग परिशिष्टांत दिले आहेत. व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहावे, ही घरोघरी माहीत असलेली कथा मूळ संहितेत नाही. ती परिशिष्टात आहे. वाचकाला संपादकाचा निर्णय अमान्य असेल तर त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी लागणारा सारा पुरावा त्याच ग्रंथात उपलब्ध आहे. नीलकंठ आणि सुखटणकर दोघेही वेचणारेच होते. एकाने घेतलेले तेवढे दाखविले, दुसऱ्याने टाकलेलेही दाखविले. प्रस्तुत लेखकाला हा फरक पांडित्याच्या फरकाहून मोठा वाटतो.

या पद्धतीवर आक्षेप आले, ते येणे स्वाभाविक होते. सिल्व्हाँ लेव्हीसारख्या विद्वानाने सुचविले की, प्रचलित नीलकंठी संहिताच छापावी आणि इतर पाठ तळाशी द्यावेत. कारण अनेक पोथ्यांतून वेचून सिद्ध केलेली संहिता तशी कोणत्याही काळी, कोणाच्याही हाती नव्हती. हा आक्षेप सर्व वेचक पद्धतींना लागू पडतो. अनेक ठिकाणचे उत्तम एकत्र आणले की जे तयार होते ते पूर्वी कोठेच नांदलेले नसते. फ्रेंच विद्वान जोझेफ बेदिए याने म्हणूनच एका उत्तम पोथीला धरून राहण्याचा पक्ष घेतला होता. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली ती एकनाथपूर्व मानलेल्या एका पोथीवर भिस्त ठेवूनच. त्या पोथीच्या प्राचीनत्वाविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु पद्धती म्हणून राजवाड्यांची भूमिका निःसंदिग्ध होती. त्याआधी शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे जे शुद्धीकरण केले ते अनेक प्रती पाहून, आणि पुढे कोणी या ग्रंथात आपली ओवी घालू नये, असा इशाराही देऊन ठेवला. स्वतः निवड करून मोकळे झाल्यावर पुढील निवडीचे दार बंद करणे, हा संत-संपादकाचा अधिकार आहे. आधुनिक संपादकाला तो नाही.

सोलापूर जिल्ह्याच्या अधिक जवळचे उदाहरण तुकारामांच्या गाथेचे. शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली विष्णु परशुरामशास्त्री पंडितांनी सिद्ध केलेली गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत निघाली. देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील पोथ्या तिच्यासाठी मिळविण्यात आल्या. १९५० साली सरकारने पुन्हा प्रसिद्ध केलेली गाथाही याच आवृत्तीवर उभी आहे. साडेचार हजारांवर अभंगांचा हा संग्रह आज मराठी विद्यार्थ्याला ‘तुकाराम’ म्हणून परिचित आहे. त्यातील कोणता अभंग कोणत्या पोथीतून आला आणि पंढरपूरच्या फडावर म्हटला जाणारा पाठ कोठे वेगळा पडतो, याचा विचार पदव्युत्तर वर्गात किती वेळा होतो? पाठ ‘दिलेला’ आहे असे समजून आपण त्याच्या आशयावर, शैलीवर आणि सामाजिकतेवर एकामागून एक पद्धती लावत सुटतो. पहिली निवड पाठातच झालेली आहे, हे विसरून पुढच्या निवडींची चर्चा करण्यात फारसा अर्थ नाही.

इतर क्षेत्रांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. वास्तुकलेत एकोणिसाव्या शतकातील मिश्रशैलीला हे नाव आहे आणि त्यात निंदा-स्तुती फारशी नाही. मुंबईचे बोरीबंदर स्थानक, कोल्हापूरचा नवा राजवाडा ही ठळक उदाहरणे. सोलापुरात वारदांनी बांधविलेले आणि पुढे महानगरपालिकेचे कार्यालय झालेले इंद्रभुवन ज्याने पाहिले असेल त्याला युरोपीय आणि भारतीय अलंकरण एकाच दर्शनी भिंतीवर कसे नांदू शकते, हे निराळे सांगावयास नको. तेथे कसोटी दृश्य आहे. कमान भार पेलते की नाही आणि डोळ्याला खुपते की नाही, एवढ्यावर निर्णय होतो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात ‘एक्लेक्टिक’ म्हणविणारा वैद्यकाचा एक पंथच होता. सिनसिनाटीस त्याचे महाविद्यालय १९३९ पर्यंत चालले. जेथून गुण येईल तेथून औषध घ्यावे, ही त्याची भूमिका. भाषाशिक्षणातही शिक्षक एका पद्धतीला बांधून न घेता व्याकरण, संभाषण, भाषांतर यांपैकी जे त्या दिवशी त्या वर्गाला उपयोगी पडेल ते वापरतो आणि त्यालाही हेच नाव आहे.

मानसोपचारातील चर्चा आपल्याला अधिक उपयोगाची आहे. १९६७ साली आर्नल्ड लाझारस याने मांडले की, उपचारकाने निरनिराळ्या संप्रदायांची तंत्रे वापरावीत, परंतु त्यासाठी त्या संप्रदायांचे सिद्धान्त स्वीकारण्याची गरज नाही. त्याने याला ‘तांत्रिक’ एक्लेक्टिसिझम म्हटले. सिद्धान्तांचेच एकीकरण करू पाहणारे वेगळे, आणि हत्यारे उसनी घेणारे वेगळे, असा भेद त्या शास्त्रात आता रूढ आहे. मराठीत आपण या दोहोंना ‘समन्वय’ म्हणतो.

मात्र येथेच एक अडचण उभी राहते. वैद्याला रोगी आहे, शिक्षकाला वर्ग आहे, संपादकाला परस्परस्वतंत्र पोथ्यांची साक्ष आहे. वेचलेले बरोबर की चूक, हे त्यांच्या बाहेरची कोणती तरी गोष्ट ठरविते. साहित्यसमीक्षेला असा रोगी नाही. कादंबरी बरी होत नाही आणि मरतही नाही. तिला फ्रॉइड लावला काय आणि मार्क्स लावला काय, ती निमूटपणे सहन करते. म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने वेचक पद्धती स्वीकारली तर त्याच्यावरील समर्थनाचे ओझे वैद्यापेक्षा जड होते. आपल्या प्रबंधांत ते सर्वांत हलके झालेले आहे.

‘समन्वय’ या शब्दाविषयी थोडे स्वतंत्रपणे लिहिणे अवश्य आहे. मराठीत हा शब्द आता सभा-समित्यांचा झाला आहे. समन्वयक असतात, समन्वय समित्या असतात आणि कोणाचेही मन न दुखविता सर्वांना सामावून घेणे हे त्यांचे काम असते. पण दर्शनपरंपरेत शब्दाला इतका मऊपणा नव्हता. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाला ‘समन्वय’ असे नाव आहे. उपनिषदांतील विविध वाक्यांचे तात्पर्य एकाच ब्रह्मात आहे, हे तेथे दाखवावयाचे आहे. त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या अध्यायाचे नाव ‘अविरोध’ आणि त्यातच सांख्य, वैशेषिक, बौद्ध, जैन आदी मतांचे खंडन येते. एका ग्रंथराशीतील वाक्यांचा समन्वय लावणाऱ्याला बाहेरच्या मतांना नकार द्यावाच लागला. आपण पहिल्या अध्यायाचे नाव घेतले आणि दुसऱ्याचा विसर पडू दिला.

दुसरा प्रतिशब्द ‘सारग्राही’. नीरक्षीरविवेकाच्या संकेतामुळे तो लोभस वाटतो. परंतु दूध आणि पाणी यांत सार कोणते हे हंसाला आधीच ठाऊक असते. अभ्यासकाला नेमके तेच शोधावयाचे असते. ‘मधुकरवृत्ती’ असेही कोणी म्हणतात. भुंगा फुले निवडतो, हे खरे. पण मराठीत त्या शब्दापासून ‘माधुकरी’ झाली आणि माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्याला निवड नसते. पाच घरी जे पडेल ते झोळीत घ्यावे लागते. प्रबंधांच्या पद्धतिविषयक परिच्छेदांना यांपैकी कोणता शब्द शोभेल, हे वाचकांवर सोपवितो.

जैनांचा अनेकान्तवाद हा आपला प्राचीन एक्लेक्टिसिझम आहे, असेही विधान अधूनमधून कानी पडते. सोलापुरात तर हमखास, कारण येथील जैन संस्कृति संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेने या विद्येची मोठी सेवा केली आहे. आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी संपादिलेला ‘तिलोयपण्णत्ति’ हा प्राकृत ग्रंथ याच मालेत १९४३ आणि १९५१ साली दोन भागांत आला, कृष्णकांत हंदिकी यांचा ‘यशस्तिलका’वरील इंग्रजी अभ्यास १९४९ साली आला. परंतु अनेकान्ताची शिस्त वेचण्याच्या अगदी उलट आहे. नयवादात प्रत्येक विधान कोणत्या अपेक्षेने केले, हे सांगितल्याखेरीज ते करताच येत नाही. एका नयाचा तुकडा आणि दुसऱ्या नयाचा तुकडा जोडून तिसरे विधान बनविण्याची मुभा तेथे नाही. ज्या प्रबंधात पहिल्या प्रकरणात समाजशास्त्रीय आणि तिसऱ्यात मानसशास्त्रीय दृष्टी येते, पण दोहोंच्या मर्यादा कोठेच सांगितल्या जात नाहीत, त्याला अनेकान्ताचा आधार घेता येणार नाही.

निवड आणि नकार यांचे नाते ज्यांनी प्रत्यक्ष आचरणात आणले असे एक उदाहरण म्हणजे प्रार्थनासमाज. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या या समाजावर ‘इकडचे थोडे, तिकडचे थोडे’ असा आक्षेप सतत घेतला गेला. उपनिषदांतील ब्रह्मविचार, ख्रिस्ती उपासनेची सामुदायिक रीत आणि तुकारामादी संतांचे अभंग यांतून समाजाची उपासना घडली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर या दोघांनीही ही निवड डोळसपणे केली होती. अवतारकल्पना नाही, मूर्तिपूजा नाही, कोणताही ग्रंथ ईश्वरप्रणीत म्हणून प्रमाण नाही; हे नकार समाजाच्या तत्त्वांतच लिहिलेले होते. तुकारामांचे जे अभंग एका निराकार, दयाळू ईश्वराच्या प्रार्थनेशी जुळत ते समाजमंदिरात गाइले गेले. विटेवरच्या मूर्तीचे वर्णन करणारे त्या अर्थाने बाजूस राहिले. पंढरपूरच्या वारकऱ्याला असा तुकाराम अपुरा वाटावा, यात नवल नाही. आणि प्रार्थनासमाज लोकव्यापी का झाला नाही याचे एक उत्तर याही ठिकाणी आहे. तरी काय टाकले हे त्यांनी लपविले नाही. समाजाच्या मंडळींनी पंढरपुरात अनाथ बालकांसाठी आश्रम चालविला, तो विठ्ठलाच्या नगरीत राहून आणि मूर्तिपूजेला नकार कायम ठेवून. त्यांच्याशी असलेला मतभेद नेमका मांडता येतो, कारण त्यांची निवड नेमकी होती.

आता सोलापूरकडे वळतो. ‘संमिश्र संस्कृती’ हे या शहराचे ठरीव विशेषण आहे. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू येथे एकाच पेठेत ऐकू येतात. सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा आणि पद्मशाली विणकरांचे माग हे तर स्वागतपर भाषणांचे नेहमीचे साहित्य. या संमिश्रतेचा साहित्यिक पुरावा म्हणून शाहीर राम जोशी याचे नाव घेतले जाते. ते योग्यच आहे. मात्र त्याच्या बाबतीत नेमके काय घडले, हे क्वचितच पाहिले जाते. सोलापुरात, वैदिक-पौराणिक विद्येच्या घरात जन्मलेला हा ब्राह्मण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तमाशाच्या फडाकडे वळला. संस्कृत काव्यशास्त्राची व्युत्पत्ती, डफ-तुणतुण्याची चाल, मोरोपंतांची आर्या आणि कीर्तनाचे व्यासपीठ या चार ठिकाणी त्याचा वावर होता. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकप्रिय करण्यात त्याचा वाटा मोठा मानला जातो. मराठी, संस्कृत, कानडी, हिंदी अशा भाषा एकत्र गुंफलेली लावणीही त्याने रचली.

हे सारे आपण ‘समन्वय’ या एका शब्दात गुंडाळतो. परंतु बहुभाषिक लावणीत भाषा एकमेकींत विरघळत नाहीत. प्रत्येकीचा आवाज वेगळा ऐकू यावा यातच तिची गंमत आहे. फडासमोर बसलेल्या सोलापुरी श्रोत्याला हा सांधा कळतो, म्हणून तो दाद देतो. दुसरीकडे आर्या आणि लावणी यांची त्याने सरमिसळ केली नाही. एक कीर्तनात ठेवली, दुसरी फडात. काय कोठे मिसळावयाचे आणि काय कोठे निराळे ठेवावयाचे याचे त्याचे भान पक्के होते. त्याच्या रचनांचा अभ्यास करणाऱ्याने विचारावयाचा प्रश्न ‘किती परंपरा आल्या’ हा नसून ‘कोणती परंपरा कोठे अडविली’ हा आहे. १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटाने उभी केलेली प्रतिमा आपल्या मनावर इतकी ठसली आहे की, त्या प्रश्नापर्यंत पोहोचण्याआधीच आपण भारावून जातो.

गावात संमिश्रता आहे, म्हणून अभ्यासाची पद्धतीही संमिश्र असावी, असा एक युक्तिवाद प्रस्तुत लेखकाने चर्चासत्रांतून ऐकला आहे. तो मान्य होण्यासारखा नाही. विषय गुंतागुंतीचा असेल तर पद्धती अधिक काटेकोर हवी. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून जे वाण सिद्ध झाले ते रानात सरमिसळ वाढणाऱ्या ताटांतूनच, पण मोजून-पारखून आणि बाकीची ताटे सोडून देऊन.

मराठी समीक्षेने वेचक विचार गंभीरपणे केलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. के. ना. वाटवे यांच्या ‘रसविमर्श’ (१९४२) या ग्रंथात भरताचे स्थायी भाव आणि मॅक्डूगलची सहजप्रवृत्तींची उपपत्ती यांची सांगड घातलेली आहे. ग्रंथ विद्वत्तापूर्ण आहे आणि दोन पिढ्या त्यावर शिकल्या. परंतु रसविचार रसिकाच्या आस्वादाविषयी बोलतो आणि मॅक्डूगल प्राणिमात्राच्या वर्तनाविषयी. त्यांच्यातील साम्य यादीच्या पातळीवरचे आहे. मानसशास्त्रात मॅक्डूगलची उपपत्ती मागे पडली तेव्हा त्या सांगडीचा एक खांब निखळला. उसन्या सिद्धान्ताचा दिवाळखोरीत शेवट झाला की उसनवाराचे काय होते, याचे हे उदाहरण पदव्युत्तर वर्गात आवर्जून शिकविण्यासारखे आहे. याउलट मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये सर्व ललित कलांना एकच लयतत्त्व लावण्याचा आग्रह धरला आणि साहित्याच्या बाबतीत त्या आग्रहाची किंमतही मोजली. पुढे रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) एक वेगळाच मार्ग दाखविला. कलाव्यवहाराला स्वायत्ततेचा आणि लौकिकतेचा असे दोन ध्रुव आहेत, त्यांपैकी कोणताही एक खोडून काढता येत नाही आणि त्यांचे गुळमुळीत मीलनही करता येत नाही, असे त्यांच्या विवेचनातून निष्पन्न होते. दोन्ही बाजू मान्य करूनही एक्लेक्टिक न होण्याचे इतके चांगले उदाहरण मराठीत दुसरे आढळत नाही.

शरद पाटील यांचे नाव या संदर्भात टाळता येणार नाही. मार्क्सवाद-फुले-आंबेडकरवाद अशी जोडसंज्ञाच त्यांनी वापरली. ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९८८) या पुस्तकात आणि पुढील लेखनात दिङ्‌नाग-धर्मकीर्तींच्या बौद्ध प्रमाणविचाराला त्यांनी महत्त्वाचे स्थान दिले. कर्मठ मार्क्सवाद्याच्या दृष्टीने हे लेनिनने धिक्कारलेले बेरजेचे राजकारण ठरेल. परंतु पाटील प्रत्येक उसनवारीच्या वेळी मूळ सिद्धान्तात कोणती उणीव आहे, हे सांगतात. वर्गाच्या संकल्पनेला जात का दिसत नाही, हा त्यांचा प्रश्न आहे आणि त्या प्रश्नामुळे जोडणी करावी लागते. त्यांचे उत्तर अमान्य करता येईल. तरी त्यांनी सोयीसाठी जोडणी केली, असा आरोप करता येणार नाही. प्रबंधलेखकाने त्यांच्याकडून सिद्धान्त घेण्याआधी ही सवय घ्यावी.

मग मराठीत या शब्दासाठी काय वापरावे? सर्व क्षेत्रांना एकच प्रतिशब्द पुरेल, हा हट्ट सोडून द्यावा. वास्तुकलेत ‘मिश्रशैली’ पुरेसा आहे. धर्मविचारात ‘सारग्राही’ रुळला आहे तो राहू द्यावा, कारण तेथे सार कोणते याविषयी श्रद्धेचा निर्णय आधी झालेला असतो. सिद्धान्तांचे खरोखर एकीकरण साधले असेल तेथेच ‘समन्वय’ म्हणावे. असे प्रसंग विरळ असतील. संशोधनपद्धतीच्या संदर्भात मात्र प्रस्तुत लेखक ‘वेचक’ हा शब्द सुचवितो. तो बोलीतला आहे, ग्रीक मुळाच्या अगदी जवळ जातो आणि त्याला भारदस्तपणाचा वास नाही. शिवाय ‘वेचणे’ या क्रियापदाला मराठीत दोन अर्थ आहेत, निवडून गोळा करणे आणि खर्ची घालणे. ज्याने पद्धती वेचल्या त्याने काय वेचले, म्हणजे कशावर पाणी सोडले, हे विचारण्याची सोय त्या शब्दातच आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा की, प्रबंधाच्या आराखड्यात पद्धतींची नामावली स्वीकारू नये. वापरलेल्या प्रत्येक पद्धतीपुढे तिने कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे ते लिहिलेले असावे. तिच्या मूळ सिद्धान्तातील कोणता भाग घेतला नाही, तेही लिहिलेले असावे. दोन पद्धती एकाच कृतीविषयी परस्परविरुद्ध निष्कर्ष देऊ लागल्या तर कोणाचे ऐकावयाचे, याचा निर्णय आधी नसला तरी प्रबंध पूर्ण होईपर्यंत तरी झालेला असावा. बहिःस्थ परीक्षकांनी मौखिक परीक्षेत एवढा एक प्रश्न जरी चिवटपणे विचारला तरी पुष्कळ काम होईल. यामुळे प्रबंधांची संख्या काही वर्षे कमी होईल, असा आक्षेप येऊ शकतो. तो खरा आहे. विभागाच्या वार्षिक अहवालात तो आकडा खाली आला तर त्याचे स्पष्टीकरण देण्याची तयारी विभागप्रमुखांना ठेवावी लागेल.

पाठचिकित्सेतील वापरासाठी मात्र ‘वेचक’ हा शब्द तितकासा समाधानकारक वाटत नाही. तेथे संपादकाची मर्जी सूचित होऊ नये, साक्षींची तुलना सूचित व्हावी. ‘तौलनिक पाठनिश्चिती’ म्हटल्यास निवडीचा अंश झाकला जातो, ‘निवडपाठ’ म्हटल्यास निवडक वेच्यांच्या पाठ्यपुस्तकाचा भास होतो. पोथ्यांवर प्रत्यक्ष काम करणाऱ्या अभ्यासकांनी याविषयी आपल्या सूचना या नियतकालिकाकडे जरूर पाठवाव्यात.